साडेचार फूट पाणी

नौकेला तरंगायला तीन फूट पाणी लागत होते. मोजशिळेवर साडेचार फूट पाणी होते. तीनशे माणसांच्या देखत नौका तळाला टेकली.

तारीख १८ जानेवारी १९८७, वेळ सकाळचे दहा पन्नास, स्थळ सालेघाटचा जुना कालवा. मी तिथे २० तारखेला दुपारी पोचलो. तोवर वरच्या कालव्यात मांडीभर पाणी उरले होते आणि भिवा कोल्हे मरून एक दिवस झाला होता.

भिवा हा नौकेचा नावाडी. नौका बसली तेव्हा तो लांब बांबू घेऊन कडेला गेला आणि दगडी भिंतीला बांबू लावून नौका मागे रेटू लागला. नौकेतली माणसे घाबरून त्याच अंगाला धावली. नौका कलली, आणि भिवा नौकेचा कठडा आणि भिंत यांच्या मधे सापडला. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात मेला. वय तीस. घरी बायको, शेवंता. शेवंताचे वडील कवडू नान्हे हे त्याच ठिकाणचे राखणदार. दरवाजे उघडणे, पाणी धरणे, पाणी सोडणे हे काम त्यांचे. या कालव्यावर नौकाविहार सुरू करणाऱ्या पर्यटन मंडळाच्या प्राथमिक टिपणात अपघाताचा दोष एका ओळीत कवडू नान्हे यांच्यावर ठेवलेला होता. त्या ओळीला शास्त्रीय आधार पुरवण्यासाठी मला पुण्याहून बोलावले होते. अर्थात हे शब्द त्यांनी वापरले नव्हते. त्यांनी 'तज्ज्ञ चौकशी' हे शब्द वापरले होते.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि एका प्रयोगशाळेत वाहत्या पाण्याचा अभ्यास करीत होतो. रविवारी मी गावोगावी बुवाबाजीविरुद्ध व्याख्याने देत असे, हातातून अंगारा काढून दाखवीत असे आणि मग तो कसा काढला तेही दाखवीत असे. हे सांगण्याचे कारण पुढे येईल.

मला न्यायला मंडळाचे प्रसिद्धी अधिकारी पुसदेकर स्वतः जीप घेऊन आले होते. पन्नाशीचा, गोड बोलणारा माणूस. गाडीत बसताच त्यांनी माझ्या मांडीवर एक गुळगुळीत पुस्तिका ठेवली. 'विदर्भाचा जलराजमार्ग'. मुखपृष्ठावर रंगीत चित्र होते: डावीकडे दगडी पायऱ्या, पायऱ्यांशेजारी पाण्यातून वर आलेली शुभ्र मोजशिळा, उजवीकडे शिडाची नौका, मागे सूर्य.

"शंभर वर्षं या जलराजमार्गानं कापूस समुद्रापर्यंत नेला," मी पहिले वाक्य मोठ्याने वाचले. "पुसदेकरसाहेब, मी जुने अहवाल वाचून आलोय. कालवा खणायला सात वर्षं लागली. नौका चालल्या अकरा महिने. मग रेल्वे आली. हे शंभर कुठून आलं?"

"भावनेतून," पुसदेकर म्हणाले. "अकरा महिने छापलं तर बसायला कोण येईल डॉक्टर?"

"आणि खोदकामावर पटकीनं चारशे मजूर मेले, ते यात नाही."

"ते कुठल्या पानावर टाकू? नौकाविहाराच्या की अल्पोपाहाराच्या?"

ड्रायव्हर हसला. मीही थोडा हसलो असेन. मी पुस्तिका मिटून पिशवीत टाकली. तिचा राग मला त्या क्षणी यायला हवा होता. तो पुढे आला, आणि मग गेला नाही.

सालेघाटला नदीत खडक आहेत. ते टाळण्यासाठी इंग्रजांनी बाजूने कालवा काढला आणि त्यावर लॉक बांधले. लॉक म्हणजे दोन टोकांना लाकडी दरवाजे असलेली लांबट दगडी पेटी. पेटीत पाणी भरले की नौका वरच्या कालव्याच्या पातळीला येते, सोडले की खालच्या. पाणी सोडायची झडप खालच्या दरवाज्यात असते; वरचा दरवाजा उघडा असताना ती उघडली तर वरच्या कालव्याचेही पाणी उतरते. वरच्या दरवाज्याखाली आडवा दगडी उंबरा आहे. वरून येणारी नौका त्या उंबऱ्यावरून पेटीत शिरते. भिवाची नौका बसली ती त्या उंबऱ्यावर.

१८ तारखेच्या उद्घाटनाचा मांडव अजून उभा होता. पायऱ्यांशेजारी पांढरीशुभ्र मोजशिळा, तिच्यावर काळे ताजे आकडे, माथ्यावर सुकलेला झेंडूचा हार. पुसदेकरांनी मला मोठ्या आकाराचे छायाचित्र दिले. सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी प्रमुख पाहुणे पायरीवरून वाकून शिळेला हार घालीत आहेत आणि पाण्याची रेघ साडेचारच्या आकड्याला नेमकी टेकलेली आहे. छायाचित्राइतका निःसंशय पुरावा मी तोवर कोणत्याही चौकशीत पाहिला नव्हता.

मांडवाच्या एका कोपऱ्यात प्रदर्शन होते. काचेच्या पेटीत एक जुना बांबू, त्यावर डाग दिल्यासारख्या काळ्या खुणा, खाली चिठ्ठी: 'प्राचीन मापदंड'. प्रसिद्धीचा आणखी एक नमुना म्हणून मी तो पाहिला आणि पुढे गेलो.

कवडू नान्हे त्यांच्या झोपडीच्या छपरीत बसले होते. सत्तावन्न वर्षांचे, काटक, पाण्यात वावरणाऱ्या माणसासारखी पायाची बोटे फाकलेली. उद्घाटनासाठी त्यांना लाल पटका आणि पितळी बिल्ला दिला होता. दोन्ही वस्तू घडी करून बाजेवर ठेवल्या होत्या, परत नेण्यासाठी. मी समोर बसलो. पुसदेकर खांबाला टेकून उभे राहिले.

"कवडूजी, पाणी किती होतं?"

"दगडावर साडेचार."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"पाहिलो ना जी. भोंग्यातून सांगतलो. साऱ्यायनं आयकलं."

"आदल्या दिवशी नौका गेली होती ना इथून?"

"रिकामी गेली. सव्वादोन फुटावर चालते ते रिकामी. मानसं भरली का तीन लागते."

"तेव्हा दगडावर किती होतं?"

"तवाही साडेचारच."

"मग दुसऱ्या दिवशी बसली कशी?"

त्यांनी छपरीच्या मातीत बोटाने एक रेघ ओढली, पुसली.

"बाबाले हालवला जी. शेंदरबाबाले. म्हनून नाव बसली."

"हे कोण?"

"आमचा देव. आमच्या आज्याच्या आज्यापासूनचा. दर अखाडीले नारळ देतो, शेंदूर लावतो. बाबाले जागेवरून काढू नोका म्हनलो होतो मी. कोनी आयकलं नाही."

"कोणी काढला?"

कवडूजींनी हनुवटीने खांबाकडे दाखवले.

"घ्या," पुसदेकर म्हणाले. "आता देवाचा कोप आला. लिहा डॉक्टर, लिहा. तुमच्या व्याख्यानात उपयोगी पडेल." मग कवडूजींकडे वळून, "कवडू, तुझ्या देवानं झडप उघडली का रे?"

"मी माझा बांबू मांगत होतो जी," कवडूजी माझ्याकडे पाहत म्हणाले. "बांबू असता तं…"

"बांबू, देव, भूत, सगळं निघेल आता," पुसदेकर म्हणाले. "डॉक्टरांना वेळ कमी आहे."

मी कवडूजींचे वाक्य लिहून घेतले होते: 'देव जागेवरून हलवला म्हणून नौका बसली.' मी त्यावर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिले: 'अंधश्रद्धा. प्रस्तुत नाही.' ते लिहिताना मला स्वच्छ वाटले. तो स्वच्छपणा मला अजून आठवतो.

मग मी मुद्द्याचे विचारले. "खालची झडप उघडी सापडली. तिची चावी तुमच्या हातात होती."

"सायबायनं सांगतलं, पानी सोडा. भिवा अडकला तवा. मी सोडलो."

"कोणत्या साहेबांनी?"

पुन्हा हनुवटी.

"मी?" पुसदेकरांचा आवाज चढला नाही, दुखावला गेला. "मी पाहुण्यांना नौकेतून उतरवत होतो. तीनशे माणसं होती तिथं. एकानं तरी ऐकलं का, विचारा डॉक्टर. कुणालाही विचारा."

मी त्या संध्याकाळपर्यंत अकरा जणांना विचारले. एकानेही ऐकले नव्हते. अकरांपैकी नऊ मंडळाचे नोकर होते. हा आकडा मी टिपला होता, पण त्याचा काही उपयोग केला नाही.

मी उठू लागलो तेव्हा कवडूजी म्हणाले, "साहेब, एक मांगतो. तुमी जे लिवाल ते लिवा. पन माझ्या पोट्टीले वाचून दाखवा. ती मले पुसते, बा, माझा नवरा तुह्या हातानं मेला काय. मी नाही म्हनतो, तं तिले पटत नाही. बाप नाही म्हननारच. सरकारी कागदावर असन तं ती मानन."

"दाखवीन," मी म्हणालो.

दुसरा दिवस मी मांडवात टेबल मांडून आकडेमोडीत घालवला. विचार सरळ होता. दहा दहाला पाणी साडेचार फूट होते, याला छायाचित्र साक्षी. दहा पन्नासला ते तीन फुटांहून कमी होते, याला बसलेली नौका साक्षी. मधल्या चाळीस मिनिटांत भाषणे चालू होती, सगळे व्यासपीठाकडे पाहत होते. म्हणजे त्या वेळात पाणी दीड फुटाहून अधिक उतरले. पाणी आपोआप उतरत नाही. झडप उघडली तरच उतरते. चावी एकाच माणसाकडे होती.

उरला प्रश्न एकच: त्या झडपेतून एवढे पाणी चाळीस मिनिटांत जाऊ शकते काय. मी कालव्याची रुंदी मोजली, वरच्या बंधाऱ्यापर्यंतची लांबी पावलांनी नव्हे, साखळीने मोजली, झडपेचे तोंड मोजले. उत्तर आले अडतीस मिनिटे.

चाळीसमध्ये अडतीस. जुळलेल्या गणिताइतके सुख मला त्या वयात दुसऱ्या कशाने मिळत नसे. मी आकडेमोड दोनदा तपासली. तिच्यात चूक नव्हती. आजही नाही. पुसदेकर पाठीमागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शास्त्र ते शास्त्र." मी अहवाल पाच पानांत लिहिला, सही केली आणि त्यांच्या हाती दिला. निष्कर्ष: राखणदाराने समारंभादरम्यान खालची झडप उघडी ठेवल्याने पातळी घटली व नौका उंबऱ्यावर टेकली.

बावीस तारखेला सकाळी मी शब्द पाळायला शेवंताच्या घरी गेलो. घर गावाच्या नदीकडच्या टोकाला होते. कवडूजी माझ्याबरोबर आले, पण अंगणात थांबले. शेवंता ओट्यावर बसली होती. सव्वीस-सत्तावीसची असेल. डोळे कोरडे होते. तिच्या शेजारी पाण्याने भरलेला पितळी गुंड आणि त्यावर पालथा पेला, येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी, त्या भागात सगळ्या घरी असतो तसा.

मी निष्कर्षाचा परिच्छेद वाचला.

"म्हंजे बानं झडप आधीच उघडली होती," ती म्हणाली.

"भाषणं चालू असताना. बहुधा नजरचुकीनं."

"बहुधा म्हंजे?"

"म्हणजे मुद्दाम नव्हे. चुकून."

"कागदावर आहे काय ते, चुकून?"

"नाही."

तिने अंगणात उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिले. मग तिने गुंड उचलला, पेल्यासकट घरात नेला आणि दार लोटून घेतले. कवडूजींनी दाराकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या कागदाकडे. त्यांना वाचता येत नव्हते. "काय लिवलं जी?" त्यांनी विचारले. मी सांगितले. ते म्हणाले, "बरं." आणि आम्ही दोघे वेगवेगळ्या वाटांनी गेलो.

मार्चमध्ये त्यांना कामावरून काढल्याचे मला कळले. मला वाईट वाटले, पण चुकीचे वाटले नाही.

पुढल्या वर्षी मे महिन्यात मंडळाने मला पुन्हा बोलावले. जलराजमार्ग दुसऱ्यांदा सुरू करायचा होता, या वेळी नवी नौका, नवे पाहुणे. त्यासाठी कालव्याच्या तळाची पातळी मोजून हवी होती. कालवा तेव्हा पार कोरडा होता. मी पातळी पाहण्याची दुर्बीण आणि उभी फूटपट्टी घेऊन तळात उतरलो. लॉकची मोजणी उंबऱ्यापासून सुरू करतात. उंबरा म्हणजे शून्य, बाकी सगळे त्याच्या वर किंवा खाली. सोळा महिन्यांपूर्वी मी कालवा, झडप, वेळ, सगळे मोजले होते. उंबरा मोजला नव्हता, कारण तो पाण्याखाली होता आणि त्याचे मला काही काम पडले नव्हते.

उंबऱ्याच्या उजव्या टोकाला, भिंतीच्या कुशीत, एक चौकोनी खाच होती. रिकामी. आत नारळाची करवंटी, उदबत्तीची राख, आणि त्या दिवशीचेच असावे असे पळसाचे पान, त्यावर शेंदराचा ओला गोळा. खाचेच्या कडांना शेंदराचे थरावर थर चढले होते, बोटभर जाडीचे, आणि ते थर आतल्या बाजूला सपाट कापल्यासारखे थांबले होते. काहीतरी तिथे शंभर वर्षे उभे होते आणि ते उचलून नेले होते. जी वस्तू नेली तिची जागा पूजली जात होती.

मी खाच मोजली. नऊ इंच बाय सात.

मग मी वर पायऱ्यांकडे पाहिले. साठ पावलांवर पांढरी मोजशिळा उन्हात उभी होती. मी चालत गेलो. तिची रुंदी आणि जाडी मोजली. नऊ बाय सात. मागच्या बाजूला, जिथे पाहुण्यांची नजर जात नाही, तिथला रंग चाकूने खरवडला. आत शेंदूर होता.

शिळा कालव्याच्या तळावर बसवलेली होती, आणि तिथला तळ उंबऱ्यापेक्षा खोल होता. मी दुर्बीण लावली. उंबऱ्यावर पट्टी धरली, मग शिळेच्या पायाशी धरली. फरक दोन फुटांना पाव इंच कमी.

मी तळातच बसलो. ऊन फार होते, पण मला उठून सावलीत जाण्याचे कारण दिसले नाही. आदल्या दिवशी रिकामी नौका का गेली होती तेही मला आता कळले. सव्वादोनला अडीच पुरते.

थोड्या वेळाने कवडूजी काठावर दिसले. हातात फुले होती. रोज येत असावेत. मला पाहून थांबले, मग सावकाश उतरून आले.

"कवडूजी, हा दगड इथून काढला?"

"बाबा ना जी? हो. तुमाले सांगतलो होतो."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला ती हवी होती.

"पण मोजायचा दगड तोच तुमचा देव, हे कुठं सांगितलंत?"

"तुमी कुठं पुसलं?" ते म्हणाले. "इथं साऱ्यायले माहीत आहे. मले वाटलं, एवढे शिकलेले साहेब आहेत, तुमालेही माहीत असन. दगडावरचे आकडे पाहाचे अन् दगडाले हात जोडाचे. आमच्याकडे दोन काम नाही ते."

"आणि बांबू?"

"बांबू इथं टेकवाचा." त्यांनी पायाच्या अंगठ्याने उंबरा दाखवला. "रोज सकारी. बाबा इथं होते तवर बांबू अन् बाबा एकच बोलत. बाबाले तिकडं नेल्यावर कोनाचं खरं, हे पाहाले मी बांबू मांगत होतो. तं तो काचेत ठेवला होता. आदल्या दिवशी बाबा साडेचार म्हने, पन कालव्याच्या भित्तीले पानी मले कमी दिसे. पन मी कोन? मले भोंग्यावर फक्त दगड वाचाले ठेवलं होतं."

त्यांनी खाचेत फुले ठेवली. मी हात जोडले नाहीत. मला ते खोटे वाटले असते. पण तिथून आधी उठलोही नाही.

पुसदेकर मांडवाच्या जागी बांधलेल्या नव्या कार्यालयात पुस्तिकेची दुसरी आवृत्ती तपासत होते. मी दारातच विचारले, "शिळा कोणी हलवली?"

"कुठली? ती होय? मंडळानं. का?"

"का, हे मी विचारतोय."

"मुखपृष्ठ, डॉक्टर." त्यांनी चष्मा काढला. "चित्रकारानं ती पायऱ्यांशेजारी काढली. डावी बाजू रिकामी दिसत होती म्हणे. पाच हजार प्रती छापून वाटून झाल्या. आणि खरी शिळा तिकडे कोपऱ्यात, शेंदरानं बरबटलेली. पाहुणे हार घालायला तिथं कसे उतरणार? छापलेलं बदलता येत नाही. दगड हलवता येतो."

"तो मोजायचा दगड होता. दोन फूट खाली गेला. पाणी अडीच फूट होतं."

गणित त्यांना येत होते. मग त्यांनी चष्मा पुन्हा घातला.

"हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?"

"कवडू नान्हे यांनी सांगितलं होतं. तुमच्यासमोर."

"त्यांनी देव सांगितला. तुम्ही तो खोडला. मी नाही."

"आणि 'पाणी सोडा'?"

"त्या गोंधळात म्हटलंही असेल. माणूस अडकला होता, काहीतरी म्हणावंच लागतं."

मला अहवाल परत हवा होता. मी तसे म्हणालो. पुसदेकरांनी खेदाने मान हलवली. "प्रकरण बंद झालं डॉक्टर. आणि खरं सांगू? त्यावर सही तुमची आहे. माझी कुठेच नाही."

मी त्यांच्या टेबलावरची पुस्तिका उचलली. दुसऱ्या आवृत्तीतही तेच चित्र होते. त्याच्या खाली आता छापले होते: 'छायाचित्रात दिसणारी ऐतिहासिक मोजशिळा आजही त्याच जागी उभी आहे.' चित्राला ते छायाचित्र म्हणत होते. मी ती पुस्तिका फाडली. दोन वेळा फाडली, मग जाड कागद फाटेना. पुसदेकर म्हणाले, "आणखी आहेत." ते खरे होते. गठ्ठे भिंतीला लावून ठेवले होते.

मी तिथेच बाकावर बसून दुरुस्तीचा कागद लिहिला, एक प्रत मंडळाच्या आवक खिडकीत दिली, शिक्का घेतला. त्या कागदाला आजतागायत उत्तर आलेले नाही. दुसरी प्रत घेऊन मी शेवंताकडे निघालो. वाटेत कवडूजी भेटले. मी म्हणालो, चला. ते आले, आणि मागच्या वेळी जिथे थांबले होते तिथेच, अंगणात थांबले. गेले सोळा महिने ती जागा त्यांनी ओलांडली नव्हती, हे मला त्यांच्या पायांवरून कळले.

शेवंता दारात आली. मला ओळखले. ओट्यावर गुंड नव्हता.

"आता काय आणलं?"

"पहिला कागद चुकीचा होता. हा बरोबर आहे. वाचू?"

ती उंबरठ्याला टेकून बसली. मी वाचू लागलो. "मापनचिन्हाच्या संदर्भपातळीत स्थानांतरामुळे सुमारे दोन फुटांची तफावत निर्माण झाल्याने, प्रत्यक्ष उपलब्ध जलखोलीविषयी…"

"थांबा," ती म्हणाली. "पयला कागद मले एका दमात समजला होता."

मी थांबलो.

"बा दोषी होता तवा तुमी सोपं लिवलं. आता काऊन कठीन लिवता?"

मी कागदाची घडी घातली.

"बानं झडप आधी उघडली होती का नाही?"

"नाही."

"मंग नाव काऊन बसली?"

"दगड हलवला म्हणून."

तिने अंगणाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "हे तं बा तवाच म्हनत होता."

"हो. पहिल्याच दिवशी."

"तुमाले म्हनला?"

"मला."

"मंग तुमी काय केलं?"

"खोडलं."

मग ती आत गेली. मला वाटले दार लोटेल. ती गुंड घेऊन बाहेर आली, पायऱ्या उतरून अंगणात गेली आणि पेला भरून वडिलांपुढे धरला. ते पाणी पिईपर्यंत ती उभी राहिली. परत येताना माझ्याजवळ थांबली. पेला माझ्यापुढे आला नाही.

"लिवा आता," ती म्हणाली. "मले समजन असं. अन् ते खोडल्याचं पन लिवा. गावात वाचून दाखवाचं आहे."

मी तिच्या ओट्यावर बसून कोऱ्या कागदावर लिहिले:

मोजायचा दगड लॉकच्या उंबऱ्यावर होता. तो पुस्तिकेतल्या चित्राशी जुळावा म्हणून मंडळाने काढून पायऱ्यांशेजारी, दोन फूट खोल जागी बसवला. त्यामुळे दगडावर साडेचार फूट पाणी दिसत होते तेव्हा उंबऱ्यावर अडीच फूट होते. नावेला तीन फूट लागत होते. म्हणून नाव बसली आणि भिवा कोल्हे मेला. कवडू नान्हे यांनी झडप आधी उघडली नव्हती. दगड हलवल्यामुळे नाव बसली, हे त्यांनी २० जानेवारी १९८७ रोजी मला सांगितले. मी ते खोडले.